गोधडीतली डाळ

पिंप्राळ्यात आमच्या शेजारच्या अक्का डाळीला दोन उकळ्या आल्या की स्टोव्ह विझवायच्या आणि पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायच्या. तासाभराने डाळ मऊ झालेली असे. "घासलेट कशाला जाळायचं? बठ्ठं काम, सगळंच, ही गोधडी करते," म्हणायच्या. कॉन्व्हेंटात शिकणाऱ्या मला ते कंजूषपणाचं वाटे.

त्या वर्षी आईला टायफॉइड झाला. पाणी उकळूनच द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि आमचं घासलेट संपलेलं. मागायला जीभ उचलेना. रिकामा कॅन घेऊन मी अक्कांच्या दारात नुसती उभी राहिले.

त्यांनी काही न विचारता आपला भरलेला कॅन माझ्या हातात दिला. माझ्या तोंडून कसंबसं "थँक्यू" निघालं.

"आधी पाणी ठेव जा, पोरी," अक्का म्हणाल्या. "इंग्रजी मागून बोल."