वर आल्यानंतर

आमच्या राजूरचा तो माणूस एका धनिकाच्या यॉटवर खलाशी आहे. सुट्टीवर आला की बाजारातही श्वास रोखून उभा राहतो. भाजीवाली ओरडते, "आरं, भाव पटला का न्हाई, बोल की!"

यंदा सोबतच्या खलाशांबरोबर एका श्वासात खोल बुडी मारून भाल्याने मासे मारायचा त्याचा बेत ठरला. सरावाला त्याने मला भंडारदऱ्याच्या धरणावर नेलं. होडीत बसवून म्हणाला, "गुरुजी, मी वर आलो तरी नजर काढू नका. मानूस वर आल्यावरच बेशुद्ध पडतो."

तो बुडाला. पाणी मिटलं. मी मनात आकडे मोजू लागलो. अखेर डोकं वर आलं, त्याने हात केला, आणि मी हुश्श करून होडीवाल्याकडे वळलो. होडीवाल्याने किंचाळून उडी टाकली. आमचा खलाशी पाण्यावर पालथा तरंगत होता.

शुद्धीवर येऊन गावात परतल्यावर त्याने सांगितलं, "माझाच दम कमी पडला." पारावरचे हसले, "हा समुद्रात मासे मारनार व्हय?" मी तिथेच बसलो होतो. दम कोणाचाही कमी पडतो, म्हणून तर वर माणूस बसवतात. तो माणूस मी होतो.

परवा तो पुन्हा दारात आला. "चला गुरुजी, निघायच्या आधी एकदा."

"दुसरा कोणी बघ."

"दुसऱ्याला सगळं नव्यानं सांगावं लागंल. तुमाला आता सांगायला नको."

धरणावर तो बुडी मारून वर आला, हसला, काहीतरी बोलू लागला.  मी नुसता त्याच्याकडे बघत राहिलो.