दोन कार्डांची वाटणी

अमडापुरात मला चांगला माणूस समजतात. मी ते खोडून काढत नाही. झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवणाऱ्याला चांगलं नाव सोयीचं असतं. पण हे नाव मला ज्या गोष्टीमुळे मिळालं, ती गावाला माहीत आहे त्याहून वेगळी आहे. ती आठवली की मला आजही थोडी मजा येते, आणि ही मजा येते हे कुठेतरी कबूल करावं म्हणून लिहितो आहे.

माझ्या दुकानाला लागून माझ्या दोस्ताचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक त्याच्याकडे आणून टाकतात. तो आतली काळी पडलेली तार उपटतो, नवी तांब्याची तार भरतो, तिला वार्निश पाजतो आणि लोखंडी ड्रममध्ये मोठा बल्ब लावून दिवसभर सुकवतो. त्याच्या हातची मोटार सहसा परत येत नाही. कुठलीही मोटार हातात आली की तो आधी नाकाशी नेतो. किती जळाली, कशानं जळाली, हे वासावरून सांगतो. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलेले, त्यामुळे त्याच्या या नाकाचा मला फार आधीपासून राग आहे. शाळेत माझ्या डब्यात काय आहे ते मी झाकण उघडायच्या आत त्याला कळायचं.

त्याचे वडील लवकर गेले. धाकट्या भावाला त्यानंच वाढवलं, शिकवलं आणि रियाधला वायरमनच्या कामावर पाठवलं. फोनवर दोघांना बोलता यायचं नाही. जेवला का, जेवलो, गरमी आहे का, आहे, की संपलं. पण शुक्रवारी धाकट्याला सुट्टी असायची आणि इकडे याचं दुकान बंद असायचं. पाच वाजता दोघं आपापल्या कॉम्प्युटरवर बसून गाड्यांची रेस खेळायचे, आणि खेळता खेळता तासभर तोंडाला खळ नसायचा. कोणाच्या लग्नात काय झालं, तिकडे मुकादम कसा वागतो, सगळं त्या रेसमध्ये निघायचं. त्यांची आई मागे पलंगावर बसून ऐकायची.

मग धाकट्यानं नवा गेम घेतला. तो इतका जड होता की याच्या कॉम्प्युटरवर सुरूच होईना, कारण त्यात गेमची चित्रं पडद्यावर पाडणारं ग्राफिक्स कार्डच नव्हतं. दोन शुक्रवार रिकामे गेले. तिसऱ्या शुक्रवारी धाकटा म्हणाला, खोलीवरच्या पोरांसोबत खेळतो, तुझं झालं की सांग. दुसऱ्या दिवशी सकाळी हा माझ्या काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला.

"कार्ड पाह्य बे एखादं. पोरगं हातचं चाललं माह्या."

माझा सख्खा भाऊ चिखलीला राहतो. त्याचा फोन मला फक्त आधार कार्डाचं काही अडलं की येतो. हे मी उगाच सांगत नाही. दोस्ताचं बोलणं ऐकून मला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही. हा इतका हळवा का होतो, असंच वाटलं.

कार्ड मलाही हवं होतं. नवं घेण्याची ऐपत दोघांचीही नव्हती. खामगावला जुना माल विकणारा एक जण माझ्या ओळखीचा होता. त्याच्याकडे दोन कार्डं होती. एक सहा जीबीचं, ज्याला सगळे टेन-सिक्स्टी म्हणतात, आणि एक आठ जीबीचं फाइव्ह-एटी. दोन्ही एकाच काळातली, दोन्हींचा भाव जवळपास सारखा. दोन्ही घेतली तर कमी करतो, म्हणाला. म्हणून निम्मे निम्मे पैसे घालून दोन्ही उचलली. कोणतं कोणाला, ते घरी आल्यावर ठरवू म्हटलं.

आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. एकानं वाटे पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं. म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही. मी दोस्ताला म्हटलं, मी दोन्ही तपासून सांगतो, मग तू उचल. तो हसला. "वाटे बी तूच पाड अन् उचल बी तूच. मले त्यातलं काय समजते?" त्याच वेळी त्यानं रीतीप्रमाणे वागायचं होतं. इतका विश्वास टाकणाऱ्या माणसानं समोरच्याला मोकळं रान दिलेलं असतं, आणि मग त्यात कोणी चरलं तर बोंब मारू नये.

रविवारी दुकान बंद करून मी दोन्ही कार्डं पाळीपाळीनं माझ्या कॉम्प्युटरला लावली. दोन्हींवर धाकट्याचाच नवा गेम, तोच रस्ता, तेवढीच धुळीची आणि सावल्यांची सेटिंग. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं पडतात त्याचा आकडा लावला. फाइव्ह-एटी सरळ पुढे होतं. डोंगर लांबून स्पष्ट दिसायचे, गर्दीच्या वळणावर गाडी अडखळायची नाही. टेन-सिक्स्टी थोडं मागे, पण वीज कमी खायचं आणि मे महिन्याच्या त्या दुपारीही फार तापायचं नाही. सारख्या भावात दोन्ही समोर असतील तर आठ जीबीवालं उचलावं, असं कोणीही सांगेल. मीही मनात तेच माझ्यासाठी ठरवलं.

गेम तसाच चालू ठेवून मी जेवायला गेलो. परत आलो तर पडद्यावर हिरवे चौकोन नाचत होते. थोड्या वेळानं सगळं काळं झालं. थंड होऊ दिलं, पुन्हा लावलं. पाऊण तासात पुन्हा तेच. कार्ड काढून उलटं केलं तर मागची बाजू एका जागी तांबूस भाजली होती. मला कळलं. हे कार्ड कोणाच्या तरी शेडमध्ये दोनेक वर्षं रात्रंदिवस इंटरनेटवरची नाणी काढायला जुंपलेलं होतं. गेमसाठी ते जन्माला आलं असेल, पण त्याचा दम तिकडेच निघाला होता.

खामगावला फोन केला असता तर त्यानं कदाचित बदलून दिलं असतं. मी फोन केला नाही. तो कदाचित दोन्ही परत मागेल, आणि टेन-सिक्स्टी माझ्या हातून जाईल, अशी भीती वाटली. खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. पाऊण तासाच्या आत हे कार्ड कोणाला कळणार नाही, हे लक्षात आल्यावर माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या.

त्याच्या नाकाची मात्र धास्ती होती. मी कार्डाची मागची बाजू स्पिरिटनं तीनदा पुसली. संध्याकाळी तो आला आणि मला वाटलं होतं तेच केलं, कार्ड नाकाशी नेलं.

"दवाखान्यासारखा वास येते बे."

"साफ केलं तुह्यासाठी," मी म्हटलं.

मग मी त्याला दहा-दहा मिनिटं दोन्ही कार्डं चालवून दाखवली. कोपऱ्यातला आकडा बोटानं दाखवला. आठ जीबी आणि सहा जीबी यांतला फरक समजावला, तो त्यानं शाळेतल्यासारखा मान हलवून ऐकला. शेवटी फाइव्ह-एटी त्याच्या हातात ठेवलं.

"हे तू ने. तुले भावासोबत खेळाचं आहे. मले काय, कसंही चालते."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी दुसऱ्या हातानं कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं स्टीलच्या डब्यात केशरी गोड भात पाठवला, वर काजू. चहाच्या टपरीवर त्यानं सगळ्यांना सांगितलं की यानं चांगलं कार्ड मले देलं अन् कमजोर स्वतःले ठेवलं. आजकाल सख्खे भाऊ असं करत नाहीत, असं एक मास्तर म्हणाले. मी मान खाली घालून चहा पीत राहिलो, जशी चांगली माणसं घालतात. मला लाज वाटली नाही. भात फार छान झाला होता.

दोन शुक्रवार त्याचे बरे गेले, कारण वीज जात होती आणि खेळ लांबत नव्हता. तिसऱ्या शुक्रवारी रंगात आलेली रेस सोडून तो गायब झाला. पडदा काळा. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळा. धाकटा तिकडे वैतागला, तू मधूनच पळतो म्हणाला. शनिवारी हा माझ्याकडे आला तेव्हा चेहरा पडलेला.

"माह्या घरात वार्निशची वाफ राह्यते, तांब्याचा भुगा उडते. त्यानंच खराब झालं असन का?"

त्याला खरं सांगायला ती जागा अगदी बरोबर होती. त्यानं प्रश्नही मला सोपा करून दिला होता.

"असन," मी म्हटलं. "किती सांगितलं तुले, चीज नाजूक आहे."

त्यानं घरी जाऊन कार्ड उघडलं. मागचा भाजलेला डाग आता त्याच्या नजरेत भरला, आणि त्यानं त्याच्या विद्येप्रमाणे निदान केलं. मोटारीच्या तारेवरचा लेप जळाला की मोटार अशीच मधूनच बंद पडते. त्यावर त्याच्याकडे एकच औषध होतं. दहा घोड्यांच्या मोटारीसाठी ठेवलेलं भारी वार्निश काढून त्यानं बारीक ब्रशनं सगळ्या कार्डावर दोन हात दिले, मागून, पुढून, पंख्याच्या बुडाशी, कॉम्प्युटरच्या खाचेत बसून वीज घेणाऱ्या पिवळ्या पट्ट्यांवरसुद्धा. मग ड्रममध्ये बल्बखाली टांगून पूर्ण दिवस सुकवलं. त्या दिवशी त्यानं एकही मोटार घेतली नाही.

सोमवारी त्यानं ते रुमालात गुंडाळून माझ्या काउंटरवर ठेवलं. मधाच्या रंगाचं, गुळगुळीत, चकाकणारं. पंखे जागच्या जागी चिकटलेले. वार्निश इतकं सारखं बसलं होतं की कुठे ओघळ नाही, बुडबुडा नाही. त्याच्या हातचं काम होतं ते.

"सुरूच नाही होऊन राह्यलं," तो म्हणाला. "तू देल्लेली चीज मी जाळली बे. मले माफ कर."

दुकानात पीकविम्याच्या फॉर्मसाठी पाच-सहा जण रांगेत होते. मी कार्ड उचललं, सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि त्याला झापलं. कार्ड आहे की पाण्यातली मोटार आहे, वार्निश लावायला? विचारलं काऊन नाही? अक्कल ड्रममध्ये सुकवायला टाकली का? रांगेतली माणसं पोट धरून हसली. तोही हसला, कारण हसल्याशिवाय तिथे उभं राहता आलं नसतं. शेवटी मी त्याच्या पाठीवर थाप मारून, जाऊ दे, म्हटलं. त्या थापेचंही गावात कौतुक झालं. त्याला मात्र टपरीवर वार्निश हे नाव पडलं, आणि मोटारी घेऊन येणारे शेतकरीही त्याच नावानं दुकान विचारत येऊ लागले.

पंधरा दिवसांनी तो कचरत कचरत आला. शुक्रवारी एक तास तुझ्या मशीनवर बसू देतो का म्हणाला. धाकट्याचा फोन आठ दिवसांत आला नव्हता. मी लगेच हो म्हटलं. फक्त एक सांगितलं, गाडी मी चालवीन, तू मागं बसून बोल. "तुह्या हाताचा भरोसा नाही राह्यला." मी हे गमतीत म्हटलं होतं, पण त्यानं ते खरं धरलं, आणि धरावं अशीच माझी इच्छा होती.

पाच वाजता स्पीकर लावला. धाकट्याचा आवाज आल्या आल्या हा स्टूलवर पुढे सरकला. जेवला का, जेवलो झालं. मग रेस सुरू झाली आणि धाकटा माझ्याशी बोलायला लागला, कारण गाडी माझ्या हातात होती. डावीकडून ये दादा, ब्रेक मार दादा. मी मुकादमाचं विचारलं, त्यानं सगळं सांगितलं. माझ्या दोस्ताला ते नवीन होतं. हा मागून मध्येच काही म्हणायचा, पण इंजिनाच्या आवाजात ते तिकडे पोचायचं नाही. अशा चार-पाच शुक्रवारांत धाकटा मलाच मेसेज करायला लागला, दादा, तयार का?

एकदा तो म्हणाला, "दादा, तुह्यं कार्ड मस्त चालते."

"हे तर कमजोर आहे," मागून माझा दोस्त मोठ्यानं म्हणाला. या वेळी त्याचा आवाज नीट पोचला. "चांगलं तर यानं मले देलं होतं. मीच जाळलं."

मग धाकटा म्हणाला, "भाई, तू बी ना. एवढा चांगला माणूस भेटला अन् तुले त्याची चीज सांभाळता नाही आली."

खरं बोलायला मला तेव्हा अख्खा एक श्वास मिळाला होता. तो मी पाणी प्यायला वापरला.

"अजून एक रेस?" धाकट्यानं विचारलं.

"हाव," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

"तू नाही भाई," तिकडून हसण्याचा आवाज आला. "मी दादाले म्हटलं."

पडद्यावर उलटे आकडे सुरू झाले. मागे स्टूल सरकलं, चप्पल शोधत पाय फिरले, मग दाराचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. पहिलंच वळण अवघड होतं.