कॅसेट संपते तिथपर्यंत

चांगी विमानतळावर दादा माझ्याकडे पाठ करून उभा होता. मी हाक मारली. पुन्हा मारली. आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली, दादा मात्र वळला नाही. शेवटी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला आणि मग हसला.

"लवकर आलीस गं, मालू."

विमान वेळेवरच आलं होतं. दादा चुकीच्या दाराकडे बघत उभा होता, एवढंच.

सिंगापूरला माझी ही तिसरी खेप. बघायच्या ठिकाणांच्या याद्या मी आधीच्या दोन खेपांत संपवल्या होत्या. या वेळी काम एकच होतं, दादाबरोबर गाणी ऐकायची. त्याचा उजवा कान फार वर्षांपूर्वी बंद झाला. आमच्या बाबांचंही असंच झालं होतं. डाव्या कानात, मशीन लावून, थोडं उरलं होतं आणि तेही ओसरत चाललं होतं. त्या कानाच्या आत यंत्र बसवायची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात ठरली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की यंत्रानं बोलणं बहुतेक कळेल, पण स्वतःचं जे उरलंय ते जाईल असं धरून चाला. आणि गाणं पहिल्यासारखं लागेल याची खात्री देता येत नाही. तेव्हा दादानं मला मेसेज केला होता, "चौघांना एकदा माझ्या कानानं ऐकून घेऊ. येतेस?"

हे चौघे म्हणजे अमेरिकेतला एक जुना रॉक बँड. आम्ही सांगलीत शाळेत होतो तेव्हा पुण्यात रेकॉर्डिंगची दुकानं असायची. कोरी कॅसेट नेऊन द्यायची, दुकानदार त्याच्याकडच्या तबकड्यांवरून गाणी भरून द्यायचा. मामानं आमच्यासाठी अशीच एक नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली. तिच्यावर बॉलपेननं 'इंग्लिश ४' एवढंच लिहिलं होतं. दुकानदाराची ती चौथी इंग्लिश कॅसेट असणार. आम्ही समजलो, गाणारे चार आहेत. निघालेही चारच! खरं नाव पुढे कळलं, पण घरात ते चौघेच राहिले.

एका बाजूला एक तबकडी, दुसऱ्या बाजूला दुसरी, अशी त्या दुकानदाराची पद्धत. दुसरी तबकडी जरा लांब होती. त्यामुळे शेवटचं गाणं तिसऱ्या कडव्यानंतर, गिटार वर चढत असतानाच तुटायचं आणि टेपरेकॉर्डरचं बटण उडायचं. टक्. आम्ही दोघं गाणं तिथपर्यंत म्हणायचो आणि एकदम 'टक्' म्हणून थांबायचो. आई रागावत असताना मध्येच कुकरची शिट्टी झाली, की कोपऱ्यात आमचं टक्. पुढे दादानं सिंगापुरात त्याची सीडी घेतली आणि मलाही उरलेलं गाणं ऐकवलं. चांगलं आहे. पण आमचं गाणं टक्ला संपतं.

दादा राहतो बुकित पंजांगला. शेवटचा टप्पा एलआरटीचा (उंचावरून धावणारी छोटी, बिनचालकाची गाडी). ती इमारतींच्या इतक्या जवळून जाते की लोकांच्या खिडक्या आल्या की गाडीच्या काचा आपोआप पांढुरक्या होतात, म्हणजे कोणाच्या घरात डोकावायला नको. इमारती सरल्या की काचा पुन्हा स्वच्छ. मला ही व्यवस्था फार आवडली. दादा म्हणाला, "माझा कान असाच आहे. मध्येच धूसर होतो. फक्त पुढे साफ होत नाही."

घरी वहिनींनी मेतकूट-भात आणि तूप तयार ठेवलं होतं. वहिनी दादाशी बोलताना आधी त्याच्या समोर येतात, मग बोलतात. पाठमोरं, दुसऱ्या खोलीतून, नळ चालू असताना असं त्या कधीच बोलत नाहीत. हे त्यांनी कोणाला सांगून, ठरवून केलेलं नाही. मी मात्र पहिल्या तासातच फ्रिजमध्ये डोकं घालून प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट बघत बसले.

जेवणानंतर मी बॅगेतून ती कॅसेट आणि सांगलीचा टेपरेकॉर्डर काढला. हातातल्या बॅगेत, दोन पंजाबी ड्रेसमध्ये गुंडाळून आणला होता. विमानतळावर तपासणीवाल्यानं दोनदा उघडायला लावला होता. बटण दाबलं. मोटार घुरघुरली, चक्र हललं नाही. स्क्रू काढून बघितलं, तर आतला रबरी पट्टा वितळून काळा चिकटा झाला होता.

"गुळाचा पाक झालाय," वहिनी म्हणाल्या.

"निघताना लावून बघितला नाहीस?" दादानं विचारलं.

छत्री, औषधं, एमआरटीतल्या (इथल्या मेट्रोतल्या) गारठ्यासाठी जाकीट, सगळं मी तपासून घेतलं होतं. हे एवढंच राहिलं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून दादाच्या सीडी सुरू केल्या. मी रीतसर क्रम लावला होता, पहिल्या तबकडीपासून शेवटच्यापर्यंत. चौघे एका नदीकाठच्या गावातले, ट्रक दुरुस्तीच्या शेडमध्ये वाजवायला लागलेले. पहिली तबकडी अगदी ओबडधोबड, ड्रमवाला सगळ्यांच्या पुढे पळतोय. दुसरीनं त्यांना देशभर नेलं. तिसरी मोठमोठ्या मैदानांसाठी केलेली, तिच्यात प्रत्येक गाण्याला टाळ्यांची जागा आहे. चौथीच्या वेळी भांडणं झाली, आणि ती ऐकूही येतात. दोन गिटार एकमेकींना बोलू देत नाहीत. मग पाचवी, आमच्या कॅसेटची दुसरी बाजू. ती त्यांनी भाड्याच्या एका फार्महाउसमध्ये ऐन थंडीत केली. तिच्यात लाकडी जमीन करकरते, कोणीतरी खोकतं. त्यानंतर ते फुटले. कितीतरी वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, एकत्र येऊन त्यांनी एक शेवटची, अगदी शांत तबकडी केली. ज्यांना टाळ्यांची सवय होती ते शेवटी एकमेकांना वाट देऊन वाजवायला शिकले, असं मला ती ऐकताना नेहमी वाटतं.

तिसरी तबकडी अर्ध्यावर आली तेव्हा दादानं कानातलं मशीन काढून टीपॉयवर ठेवलं.

"काय झालं? अजून चौथी व्हायचीय आज."

"मालू, तू नुसती बसतेस आणि गाणं तुझ्या कानात येतं. मला ते ओढून आणावं लागतं. दमतो मी. ओव्हरटाइम लावू नकोस, बाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं तसं त्यानं लगेच जोडलं, "लावायचाच असेल तर दुप्पट दरानं." दादा तुआसच्या एका कारखान्यात जन्मभर अकाउंट्स बघत होता. विनोदही तिथलेच.

मी क्रम सोडून दिला. ठरलं असं, की एकच तबकडी ऐकायची, पाचवी. तीही चांगल्या यंत्रावर, एकदाच.

भाची, सई, पुंगोलला राहते. चांगल्या यंत्राचं दुकान तिनं शोधलं. त्याआधी एका संध्याकाळी ती आम्हाला घराजवळच्या पाण्याकाठी फिरायला घेऊन गेली. बाबागाड्या, सायकली, पाण्यावर उतरलेलं ऊन. दादाचं मशीन वाऱ्यात नुसतंच घोंघावतं, म्हणून त्यानं ते खिशात ठेवलं होतं. चालता चालता तो कठड्यापाशी थांबला आणि लोखंडी नळीवर बोटांनी वाजवायला लागला. पहिल्या तबकडीचं पहिलं गाणं. ड्रमवाला जिथे पुढे पळतो तिथे बोटंही पुढे पळाली.

"बाबा, पीपल आर लुकिंग, लाह," सई त्याच्या समोर जाऊन म्हणाली. वाक्याला 'लाह' जोडायची इथली लकबच आहे.

"बघू देत. तिकीट काढलंय का त्यांनी?"

सई मला हळूच म्हणाली, "आत्या, ऑपरेशननंतर हे सगळं जाणार का गं? आय मीन, बाबांच्या डोक्यातलं?"

"डोक्यातलं कसं जाईल?" मी म्हणाले. पण मला तरी कुठे माहीत होतं?

दुकानाच्या दिवशी दादा, सई आणि मी आधी हॉकर सेंटरला (एका छपराखाली खाण्याचे अनेक गाळे) गेलो. दुपारची गर्दी होती. एका रिकाम्या टेबलावर कोणाचं तरी टिशूचं पाकीट राहिलं होतं. मी ते उचललं आणि लांब चाललेल्या एका बाईंच्या मागे जवळजवळ पळत जाऊन त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. तोवर दोन मुलगे तिथे बसलेही होते. पाकीट ठेवणं म्हणजे जागा धरणं, 'चोप' म्हणतात त्याला. इथे पाकिटाला कोणी हात लावत नाही. मग आम्हीच शोधलेल्या टेबलावर त्यांना बोलावलं आणि चौघांनी रोटी प्राटा (मऊ पापुद्र्यांचा पराठा, सोबत पातळ आमटी) खाल्ला. निघताना त्यांनी तेच पाकीट हसत माझ्या हातावर ठेवलं. "यू कीप. नेक्स्ट टाइम, यू चोप."

रेकॉर्डचं दुकान एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर होतं. मालक सत्तरीचे, सगळे त्यांना अंकल म्हणत होते. सईनं दादाच्या कानाचं सांगितलं. अंकलनी ऐकून घेतलं, खोक्यातून पाचवी तबकडी काढली आणि तोंड वाकडं केलं.

"धिस वन? टू मच गिटार. जॅझ बेटर."

पण मग त्यांनी दाराची पाटी फिरवून दुकान बंद केलं, दोन्ही मोठे स्पीकर आतल्या बाजूला वळवले आणि मधोमध खुर्ची ठेवली. दादानं शेजारच्या स्टुलावर माझं टिशूचं पाकीट ठेवलं. "तुझी जागा."

सुई टेकली. जमीन करकरली. दादाला ती ऐकू आली की नाही, मी विचारलं नाही. तो डोळे मिटून बसला होता, तळहात स्पीकरच्या लाकडावर. तबकडी उलटली तेव्हा अंकलनी कोपीचे (दूध-साखरेची दाट कॉफी) कप आणून ठेवले. शेवटचं गाणं लागलं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. गिटार वर चढायला लागली.

"टक्!" दादा मोठ्यानं म्हणाला. अगदी त्या जागी. मीही म्हणाले, पण अर्ध्या क्षणानं मागे.

अंकल धावत आले, सुई उचलली, तबकडी उजेडात तिरकी धरून बघितली. "नो स्क्रॅच! माय रेकॉर्ड नो स्क्रॅच, ओके?"

सईनं त्यांना सगळी गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत आमच्यावर एवढं मनापासून कोणी हसलं नसेल. तबकडी आम्ही विकत घेतली. ऐकण्याचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. "हिअरिंग फ्री, लाह."

जिन्यात दादाला विचारलं, "किती ऐकू आलं रे?"

"खरं सांगू? निम्मं. निम्मं मी भरलं." मग म्हणाला, "यंत्र बसल्यावर भरायला काही उरलं नाही तर?"

मी त्याचा हात धरून जिना उतरले.

शस्त्रक्रिया सकाळी झाली आणि व्यवस्थित झाली. यंत्र सुरू करायला मात्र जखम भरेपर्यंत, काही आठवडे थांबायचं होतं. तोवर दादा पूर्ण शांततेत. माझं परतीचं तिकीट त्याआधीचं होतं. निघताना वहिनी माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मालूताई, आलात, बरं वाटलं." मला ऐकू येत असूनही समोर येऊन बोलल्या. पाहुणचार म्हणजे काय हे मला त्या वाक्यात कळलं.

घरी, पुण्याला आल्यावर पहिलं काम केलं ते टेपरेकॉर्डरचं. एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्यानं कुठल्या तरी मोडक्या यंत्रातला पट्टा काढून बसवून दिला. कॅसेट लावून बघितली. आवाज थरथरत होता, पण चालत होती.

दादाचं यंत्र सुरू झालं त्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर दादा, मागे वहिनी आणि सई.

"काय म्हणतोस?" मी विचारलं.

"बोलणं कळतंय. पण तू बदकासारखी बोलतेस."

"ती आधीपासूनच," सई म्हणाली. दादाचं तोंड दुसरीकडे होतं. तरी तो हसला. पाठीमागच्या माणसाचा विनोद त्याला ऐकू आला होता! वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"ऐकवू?" मी विचारलं. त्यानं मान हलवली. कॅसेट शेवटच्या गाण्यावर आणून ठेवली होती. मी फोन टेपरेकॉर्डरजवळ धरला आणि बटण दाबलं. दादाच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"पत्र्यावर वाळू ओततंय कोणीतरी. सूर नाहीच, मालू."

"बंद करू?"

"नको. राहू दे."

तो ऐकत राहिला. चेहऱ्यावर काही दिसेना. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. मी सगळ्या देवांची नावं घेतली. गिटार चढायला लागली. त्याला ती वाळूच वाटत असणार. आणि कॅसेट संपली, बटण उडालं.

दादा खुर्चीत ताठ बसला.

"हे!" तो म्हणाला. "हे आलं. हे अगदी तसंच आहे. सांगलीतलं."

सूर परत यायला सराव लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. कदाचित महिने लागतील, कदाचित पूर्ण येणारही नाहीत. दादानं सराव सुरू केलाय, रोज थोडा, ओव्हरटाइम न करता. मी मात्र त्या न पाहिलेल्या दुकानदाराचे आभार मानते, ज्यानं मोठी तबकडी लहान कॅसेटमध्ये कोंबली. नीट मोजून भरली असती, तर आम्हाला हे टक् कुठून मिळालं असतं?

"रिवाइंड कर," त्या संध्याकाळी दादा म्हणाला. "पुन्हा लाव."