खडूच्या रेघा

भूत, आत्मा असले विषय निघाले की मी उठून चहा टाकायला जाणारी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय… पण नुसतं हसून भागत नाही, म्हणून लिहिते.

आमचं घर उमरग्यात, हायवेपासून दोन गल्ल्या आत. आप्पा, म्हणजे माझे वडील, अर्धांगवायूने दोन वर्षं आतल्या खोलीत खाटेवर होते. आई थकलेली, म्हणून घरातूनच कंपनीचं काम करत त्यांचं सगळं मीच केलं. राऊटर त्यांच्याच खाटेच्या वर, भिंतीवर. मागच्या वर्षी ते गेले. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं… आणि त्याची लाजही वाटली. मी पुण्यात नोकरी शोधायला लागले.

आणि वायफाय आक्रसायला लागलं. आधी गच्चीवरचं गेलं, मग स्वयंपाकघरातलं, मग बैठकीतलं. रीस्टार्ट, रीसेट, सगळं करून झालं. नेटवाले काका नवा राऊटर लावून गेले, तरी तेच. मग मीही हट्टाला पेटले. रोज सकाळी फोन घेऊन फिरायचं आणि नेट तुटेल तिथं फरशीवर खडूने रेघ मारायची. रेघ रोज खाटेकडे सरकायची.

"भिंतीनं अडतंय म्हणावं, तर खोली मोकळी हाय," काका म्हणाले. "रोज आसं मागं सरताना म्या कुठं बघितलं न्हाय, ताई."

आईने रेघा पाहिल्या आणि वाकून एकीवर बोट ठेवलं. "आगं, हितंच तर तुजी खुर्ची सरकत व्हती…"

आप्पांचा आवाज बारीक होत गेला, तशी हाक ऐकू यावी म्हणून मी कामाची खुर्ची खाटेजवळ घेत गेले होते. हाकेला ओ आली नाही की ते घाबरायचे. शेवटच्या सकाळी मी मीटिंगमध्ये होते. हाक ऐकली होती. पाच मिनिटांत जाऊ म्हटलं… ओ दिली नाही.

पुण्याच्या नोकरीची ऑनलाइन मुलाखत भर दुपारी होती. खाट सोडून कुठेच नेट नव्हतं, म्हणून तिच्यावरच बसले. तिसऱ्या प्रश्नाला स्क्रीनवरच्या बाई अडकल्या. "आवाज येतोय का?… ऐकू येतंय का?" एवढंच, पुन्हा पुन्हा. माझ्या तोंडून निघून गेलं — "ओ आप्पा! आले!"

नेट आलं. संध्याकाळपर्यंत गच्चीवरसुद्धा.

नोकरी लागली. आई तुळजापूरला मावशीकडे असते. पुण्यातल्या खोलीवर राऊटर वेगळा, भिंती वेगळ्या. कुणाला कारण कळलं तर सांगा, मला अजून सापडलेलं नाही.

गेल्या सोमवारपासून इथल्या बाल्कनीत नेट येत नाही. खडू मी आणलेला नाही. पण कामावरून आले की कुलूप काढायच्या आधीच ओ देते.