स्थळासाठी सोळा जीबी

तमाम आप्तेष्ट, भावकी आणि फुकटचा सल्ला देणारे हितचिंतक यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या मावशीच्या घरी दोन वेळा चहा आणि एकदा कडाक्याचं भांडण होऊन, शेवटी चिपळूणच्या दुकानात लॅपटॉपात आठ नव्हे तर सोळा जीबी मेमरी घालण्याचा निर्णय एकमताने घेण्यात आला. एकमताने म्हणजे काकांच्या. हे काका मावशीचे धाकटे दीर. ज्याच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा, त्याचं मत कुणी मोजलं नाही.

तो माझा मावसभाऊ. वय अडतीस, दाभोळच्या खाडीवर घर, हापूसची स्वतःची बाग, सुपारीचंही व्यसन नाही आणि डोक्यावर केस मोजके. असा मुलगा पूर्वी हातोहात गेला असता. आता मुलीचा बाप आल्या आल्या विचारतो, "मुलगा मुंबईला कुठे असतो?" मुलगा घरीच असतो म्हटलं की माणसं चहा अर्धा टाकून उठतात. एका बापाने तर अख्खी बाग फिरून पाहिली, कौतुक केलं, आंब्याची पेटी गाडीत घातली आणि नकार घरी पोचल्यावर फोनवरून दिला. पेटी परत आली नाही.

अशात खेडचं एक स्थळ आलं. मुलगी तिथल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. मध्यस्थाने परस्पर सांगून टाकलं होतं की मुलाचा आंब्यांचा ऑनलाइन धंदा आहे. म्हणजे भाऊ व्हॉट्सॲपवर पेटीचा फोटो टाकायचा. पण आता ते बघायला येणार म्हटल्यावर टेबलावर लॅपटॉप हवाच.

मावशीने मला फोन केला. "ह्या खेपेला नाय जमलं तर मी त्याचा नाद सोडला. तो आणि त्याची कलमं. तू मास्तरीण गो, तुला त्यातलं कळतं. ये."

मला त्यातलं काही कळत नाही. पण असा खेळ चुकवण्याइतकी मी साधी नाही. रत्नागिरीहून पहिली एसटी धरली आणि चिपळूणच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन काका आणि भावाला गाठलं.

दुकानदाराने लॅपटॉप उलटा करून दाखवला. आत मेमरीची आठ जीबीची पट्टी होती, शेजारी एक जागा रिकामी. हवी तर तिथे आणखी आठची बसवतो म्हणाला. "काम काय करणार यावर?"

"आंब्याचे फोटो," भाऊ म्हणाला.

"मग आठ पुष्कळ झाले."

"पुरे. उगाच कशाला."

"तू गप," काका म्हणाले. "उगाच कशाला, उगाच कशाला करत अडतिशी गाठलीस." आणि मग दुकानदाराला, भरल्या दुकानात, "अहो, ह्याला मुलीकडचे बघायला येतायत."

दुकानदाराने भावाकडे नीट पाहिलं. आधी चेहरा, मग केस, मग पुन्हा चेहरा. "मग सोळा टाका," तो डॉक्टरच्या आवाजात म्हणाला.

"बत्तीस टाकले तर?"

"बत्तिसाने संशय येईल, काका," मी म्हटलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं मोठ्याने हसली. भाऊ कानापर्यंत लाल झाला आणि पट्टी बसली.

घरी तालीम झाली. काका मुलीचा बाप झाले, मी मुलगी.

"मेमरी किती?"

"सोळा जीबी."

"मोठ्याने मेल्या! लग्नाला उभा हायस, कोर्टात नाय," मावशी आतून ओरडली.

मावशीने लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, वर क्रोशाचा रुमाल घातला. भावाने एकदाच विचारलं, "आणि लग्नानंतर कळलं तर?"

"लग्नानंतर सगळ्यांचंच कळतं," मावशी म्हणाली.

रविवारी मुलगी आणि तिचे आईवडील आले. मुलगी सावळी, शांत, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारी. भावाने तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या ध्यानात आलं, आतापर्यंत आम्ही याला ढकलत होतो, आता याला स्वतःलाच हवी आहे. याहून रंगतदार काय असणार! मी खुर्ची जरा पुढे ओढली.

"छान आहे," मुलगी लॅपटॉपकडे बघत म्हणाली. "मेमरी किती आहे?"

"सोळा जीबी!" भाऊ असा ओरडला की घर दणाणलं.

"बापरे. काय चालवता एवढं?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. "सगळं," काका म्हणाले.

"सगळं म्हणजे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांचा मोठा घास घेतला.

"काय नाय चालवत," भाऊ म्हणाला. "तुम्ही येणार म्हणून घेतलाय. मला आठसुद्धा नको होते. मी बाग करतो. सकाळी कलमांत जातो तो काळोख पडला की येतो. तुमच्याशी लबाडी नको वाटली."

काकांनी डोळे मिटले. मुलीने मात्र त्याच्याकडे थोडा जास्तच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यंदा मोहोर कसा आहे?"

आणि तो सुटला. थंडी, तुडतुडे, फवारणी, कुठल्या कलमाने दगा दिला आणि कुठलं वेड्यासारखं मोहरलंय. बोलताना हात हलत होते, आणि देवाशपथ, देखणा दिसत होता. मुलगी ऐकत होती, मध्येच हसत होती. जमलं, असं मला वाटलं, आणि मी जराशी हिरमुसलेच.

तेवढ्यात मुलीचे वडील उठले. "बरंय. कळवतो." आमच्याकडे होकार कुणी कळवत नाही, होकार बसल्या जागी साखर मागतो. मुलीने काही बोलायला तोंड उघडलं, तर आईने तिचा दंड धरून तिला अंगणात नेलं.

भावाला हे उमगलंच नाही. तो धावत पुढे गेला, गाडीचं दार उघडून धरलं, मुलीच्या आईची पिशवी आत ठेवली. गाडी सुरू झाली, थोडी पुढे गेली आणि थांबली. काच खाली आली. भाऊ धावत जाऊन खिडकीशी वाकला. मावशीने पदर तोंडाशी नेला. मुलीच्या वडिलांनी डोकं बाहेर काढलं आणि पडवीत बसलेल्या आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मुलाचं कळवतो हो, पण तो सोळाचा लॅपटॉप विकायला काढणार असाल, तर आधी आम्हाला सांगा!"