कपाटाची मिठी

टोपणनाव एकदा चिकटलं की खऱ्या नावाला बँकेपुरतंच काम उरतं. त्याला सगळे कपाट म्हणत. फर्निचरच्या दुकानातली कपाटं तो पाठीवर टाकून जिने चढायचा, आणि मागून येणाऱ्याला कोण कुणाला वाहून नेतंय ते चटकन कळायचं नाही. फक्त आई त्याला बाळ म्हणायची. दारातून आत येताना आडवं व्हावं लागणारं बाळ.

आई दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसायची. येणारा प्रत्येक जण काचेपलीकडून गुडघ्याकडे, पोटाकडे, कुठेकुठे बोट दाखवायचा आणि ती दिवसभर ओरडायची, "तोंडाने सांगा ना! खुणा कसल्या करता?" आयुष्य त्यात गेल्यामुळे तिच्या आवाजाला दारं-भिंती अडवू शकत नसत.

दुकानामागच्या गोदामात एक कोच मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकवायचा. कपाटाला एकट्याने फ्रिज वर नेताना पाहून त्याला भरून आलं. गुणी माणूस दिसला की काहींना त्याला शाळेत घालावंसं वाटतं, याला लढतीच्या जाळीदार पिंजऱ्यात घालावंसं वाटलं. हेवीवेट गटात माणसं कमीच, त्यामुळे कपाट लवकरच आशास्थान वगैरे झाला.

त्याच्या पहिल्या मोठ्या लढतीत समोरचा ऐनवेळी तापाने झोपला. बदली म्हणून तरणतलावावरच्या पोहण्याच्या मास्तरांना धरून आणलं. सुटलेलं पोट, उतरतं वय, आणि पिंजऱ्यात शिरल्यावर कानातून काढलेला कापूस. प्रेक्षक पोट धरून हसले. जाणकारांनी तर लढतीआधीच निकाल सांगून टाकला. जाणकार आणखी कशासाठी असतात?

कपाटाने मास्तरांना खाली घेतलं आणि मागून गळ्याला हाताचा फास घातला. मास्तरांनी त्याच्या मांडीवर दोनदा थापटलं. या खेळात हार कबूल करायची ती अशीच. गोदामातल्या सरावात थापटलं की सोडायचं, हा तिथला धर्मच होता. कपाटाने सोडलं. उभा राहिला, हात वर केले आणि आई कुठे बसलीय ते शोधायला वळला.

पंच दुसऱ्या बाजूला होते. त्यांना थापटणं दिसलंच नव्हतं, त्यामुळे लढत संपलीच नव्हती. मास्तर उठले आणि त्यांनी कपाटाच्या कानाखाली अशी ठेवून दिली की पुढचं सगळं त्याला व्हिडिओतच पाहावं लागलं. तो व्हिडिओ गावभर फिरला. दुकानात सोफा घ्यायला आलेली गिऱ्हाईकंसुद्धा आधी कपाटाचा कान बघायची.

"सर, त्यांनी थापटलं होतं," तो कोचला म्हणाला.

"पंच अंगाला हात लावेपर्यंत सोडायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही."

आई म्हणाली, "अरे, मग त्या मास्तरांनाच विचार की, थापटलं होतं का म्हणून."

"आई, असं कुणी विचारतं का?"

"का? त्यांना तोंड नाही की तुला?"

विचारणं सोपं होतं, म्हणून कपाटाने ते केलं नाही. त्याऐवजी त्याने पुढची सगळी कारकीर्द त्या दोन थापांवर उभी केली. एकदा धरलं की सोडायचं नाही! सरावाचे जोडीदार थापटून थापटून थकले आणि हळूहळू दुसऱ्या जिममध्ये निघून गेले. विजय मात्र वाढत गेले. त्याला भाषणांना बोलावू लागले. पराभव हाच खरा गुरू, असं सांगायला लावायचे आणि हातात गुच्छ द्यायचे. गुच्छही त्याच्या हातून लवकर सुटत नसे.

मग एका लढतीत समोरचा बेशुद्ध पडला तरी कपाटाची मिठी सैल होईना. पंच ओढतायत, आणि हा पंचांसकट हलतोय! शुद्धीवर आल्यावर त्या बिचाऱ्याने आधी स्वतःचं नाव विचारलं. संघटनेने ताकीद दिली: पुन्हा असं झालं तर परवाना रद्द.

आणि आता समोर हेवीवेटच्या अजिंक्यपदाच्या पट्ट्याची लढत. लवकर सोडलं तर मास्तरांची पुनरावृत्ती, उशिरा सोडलं तर जन्मभर सोफे वाहणं.

"मग सोडू कधी, सर?"

कोचने खूप विचार केला. "मधेच कधीतरी," तो म्हणाला. एवढ्यासाठी लोक त्याला फी देत.

प्रतिस्पर्ध्याला रोडरोलर म्हणत, आणि तो कपाटावरून तसाच फिरला. कपाटाची भुवई फुटली, एक डोळा मिटत आला. तरी दुसऱ्या फेरीत त्याने कसाबसा पाठीवर ताबा मिळवला आणि हात गळ्याखाली सरकवला. आणि मांडीवर थापा पडल्या. दोन. त्याच जागी. पंच पुन्हा पलीकडे!

"सोडू नकोस!" कोच किंचाळला.

कपाटाच्या हाताखालचा गळा घरघरत होता. सोडावं, तर हा उठून कानाखाली वाजवणार. धरून ठेवावं, तर हा इथेच झोपणार. इतक्या वर्षांचा अनुभव, भाषणं, गुच्छ, सगळं पाठीशी होतं, आणि त्याला काही म्हणता काही सुचेना.

तेवढ्यात प्रेक्षकांच्या गोंगाटावरून खिडकीवरचा तो आवाज आला. "बाळ! अरे, तोंडाने सांग ना!"

कपाटाने मिठी तशीच ठेवली, आवळायची मात्र थांबवली, आणि दातांवरचं रबर सांभाळत ओरडला, "फंच! ओ फंच! हिकडे भघा!"

पंच दचकून वळसा घालून आले. रोडरोलरने त्यांच्या नाकासमोर पुन्हा थापटलं. पंचांनी कपाटाच्या खांद्याला हात लावला, आणि कपाटाने तत्क्षणी सोडलं. पट्टा कपाटाचा झाला. मुलाखतीला आलेल्या वार्ताहराला ती हाक कशासाठी होती ते कळलंच नाही. त्याने ठरलेला प्रश्न विचारला, "त्या पहिल्या पराभवाने काय शिकवलं?"

"काही नाही," कपाट म्हणाला. हे छापून आलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत अभिनंदनाला मास्तर आले. आयोजकांनी त्यांना शोभेचा पाहुणा म्हणून बोलावलं होतं, कारण कपाटाला हरवणं हीच त्यांची ओळख होऊन बसली होती. कपाटाने त्यांचा हात हातात घेतला.

"मास्तर, त्या दिवशी तुम्ही थापटलं होतं का हो?"

"होतं की," मास्तर सहज म्हणाले. "मी वाट बघत होतो, तू कधी विचारतोस."

"आणि तुम्ही होऊन सांगितलं नाहीत?"

"माझ्या पोहण्याच्या वर्गाला केवढी गर्दी व्हायला लागली होती, बाळा!"

कोपऱ्यातल्या स्टुलावर आई पट्टा मांडीवर घेऊन बसली होती. ती हसत सुटली. कपाट हसला नाही. त्याने मास्तरांचा हात सोडलाही नाही. मास्तरांनी जरा वेळ वाट पाहिली, मग दुसऱ्या हाताने त्याच्या मनगटावर दोनदा थापटलं.

"काय म्हणालात?" कपाट कान पुढे करत म्हणाला.

"सोड की रे!"

"आता कसं!" म्हणत त्याने हात सोडला.