जपानकाकूंचा रविवार

“ही मुकी आहे, की हिच्या कॉन्व्हेंटात मराठी बोललं की दंड व्हायचा?” स्वयंपाकघरातून जपानकाकूंचा आवाज आला. प्रश्न माझ्या दादाला होता, पण बाहेरच्या खोलीत मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मी जर्मनीत आखनला दादाकडे येऊन आठवडाही झाला नव्हता.

काकूंचे यजमान पूर्वी जपानात कोबेला नोकरीत होते. आता काकू दर रविवारी आखनमधल्या मराठी मुलांना जपान शिकवत. कुणी कारण विचारलं तर म्हणत, “जर्मनी ही मुलं रोज बघतात, भारत आईबाप रोज ऐकवतात. तिसरं काही नको का?” पांढऱ्या झेंड्यावरचा लाल गोळा म्हणजे सूर्य, भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तसं फक्त मेलेल्यांसाठी करतात, हे मीही तिथंच शिकले. बोलता बोलता त्या बेकरीच्या कागदी पिशवीचा करकोचा घडवत, खाली न बघता. माझ्या पातळ कोटाला आतून लोकरीचं अस्तर त्यांनीच लावून दिलं. देताना म्हणाल्या, “घे. गारठून मेलीस तरी सांगायची नाहीस.”

उत्तर बरोबर आलं की करकोचा. चुकलं की जपानी पद्धतीनं कमरेत वाकायचं, दुसरं कुणी बरोबर सांगेपर्यंत. मुलांच्या आया हसत. मीही हसे.

सहा वर्षांच्या लीनाकडे एकही करकोचा नव्हता. तिचे बाबा मराठी, आई जर्मन; आई आदल्या हिवाळ्यात गेली. लीनाला मराठी समजे, पण उत्तर जर्मनमध्येच येई, आणि ते काकू धरत नसत. तिच्या जर्मन ‘हो’ची नक्कल करत म्हणत, “जा, जा, पण मराठीत!” बाकीची मुलं आपापले करकोचे तिच्या नाकासमोर नाचवत.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी काकूंनी बाजारातून शेवंतीची कुंडी आणली. जर्मनीत त्या दिवसांत ही कुंडी कबरीवर ठेवायला घेतात. काकूंना शिकवायचं होतं ते जपानच्या सम्राटाचं चिन्ह.

“हे फूल कुणाचं?”

लीनाचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

“आईचं,” ती म्हणाली. स्वच्छ मराठीत.

“का गं, तुझी आई जपानची महाराणी होती?” काकू म्हणाल्या. “वाक.”

मुलं खिदळली. लीना वाकली, केस जमिनीकडे लोंबले. कुणीतरी “सम्राटाचं” म्हणालं, त्याला करकोचा मिळाला, तरी ती सरळ झाली नाही. काकूंनी पुढचा कागद दुमडायला घेतला.

त्यांनी लावलेलं अस्तर पुढं कित्येक हिवाळे टिकलं. त्यांच्या घरी मात्र त्या रविवारनंतर मला बोलावणं आलं नाही. त्या रविवारी मी कपबशी खाली ठेवली, उभी राहिले, आणि सगळ्या आयांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“काकू, तिचं बरोबर आहे. आता तुम्ही वाका.”